पडद्यावरचा देव आणि पाहणारे मूल

पडद्यावर दिसणारा देव खरा की खोटा, हा प्रश्न सहावी ते आठवीच्या वयात मुलांना आपसूक पडतो. चित्रपट कसा पाहावा हे त्यांना शिकवायचे तर या प्रश्नाला बगल देता येत नाही. हुबळी-धारवाडात तर नाहीच. येथे सिद्धारूढ मठाला अद्वैताची परंपरा आहे, माध्व घरांत जग सत्य असल्याची शिकवण आहे, आणि लिंगायत घरांतले मूल वडीलधाऱ्यांना तळहातावरच्या इष्टलिंगावर दृष्टी स्थिर करताना पाहते. पाहणे शिकावे लागते, हे या जुळ्या शहरांना कोणी नव्याने सांगायला नको.

वर्गात सुरुवातीला दाखवायला दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) इतका चांगला चित्रपट नाही. मूकपट असल्याने घरी कन्नड, मराठी किंवा उर्दू बोलणारी मुले एका पातळीवर येतात. आरंभी फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे भाव एकामागून एक पालटून दाखवते. मग तीच कृष्णाच्या वेषात दिसू लागते. फाळक्यांनी काहीही लपवलेले नाही. आधी मुलगी दाखवली, मग देव दाखवला. तरीही कालियाशी झुंजणारा कृष्ण पाहताना मंदाकिनीचा विसर पडतो. शिक्षकाने नेमके तिथे चित्र थांबवावे आणि विचारावे, “आता कोण दिसते आहे?” काही मुले कृष्ण म्हणतील, काही मुलगी म्हणतील. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत, खोडू नयेत.

या पेचाचा विचार काश्मीरच्या श्रीशंकुकाने नवव्या शतकाच्या सुमारास केला होता. त्याचे मत अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून कळते. नटाला पाहून होणारे ‘हा राम’ हे ज्ञान यथार्थ नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि ‘रामासारखा’ असे सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातल्या घोड्याला पाहून आपण ‘हा घोडा’ म्हणतो, त्या जातीचे ते ज्ञान आहे. यालाच चित्रतुरगन्याय म्हणतात. अभिनवगुप्ताने शंकुकाचा रसविचार खोडून काढला, पण घोडा टिकला. फाळक्यांच्याच ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हुबळीजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. पाहणाऱ्यांना नट पुरुष आहे हे ठाऊक असे आणि नायिकेचे दुःखही मनाला भिडत असे.

अद्वैताच्या बाजूने येथे सहसा दोरी आणि साप पुढे केले जातात. चित्रपटाला तो दृष्टान्त लागू पडत नाही. दोरी ओळखली की साप नाहीसा होतो. चित्रपटाचे तसे नाही. सेकंदाला चोवीस स्थिर चित्रे डोळ्यांपुढून जातात, हे मुलाने वहीच्या कोपऱ्यावर चेंडूची चित्रे काढून, पाने भराभर उलटून स्वतः करून पाहिले, तरी चेंडू उडायचा थांबत नाही. जवळचा दृष्टान्त मृगजळाचा. पाणी नाही हे कळल्यावरही मृगजळ दिसत राहते, फक्त तहानलेला माणूस तिकडे धावत नाही. वेदान्ती अशा दिसण्याला बाधितानुवृत्ती म्हणतात: बाध झाला, तरी दिसणे चालू राहिले. चित्रपट-रसग्रहणाचे शिक्षण मुलाला इथवर आणते. ते डोळ्यांतले पाणी थांबवत नाही. दिसेल त्यामागे धावण्याची सक्ती मात्र काढून घेते. माध्व मताचा विद्यार्थी म्हणेल, पडदाही खरा, प्रकाशही खरा आणि आलेले रडूही खरे. हा आक्षेप वजनदार आहे. त्याला वर्गात जागा हवी.

कॅमेऱ्याच्या युक्त्या उघड केल्या तर मुलांची श्रद्धा ढळेल, ही पालकांची भीती समजण्यासारखी आहे. पण मूर्तिपूजेतच तिचे उत्तर आहे. गणपती मातीचा आहे हे मुलाला माहीत असते. त्याने कदाचित तो मळलाही असतो. प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर होतात आणि भक्तीला बाध येत नाही. खरा धोका दुसरीकडे आहे. मोबाइलवर रोज येणाऱ्या चित्रांना कोणी घडवणारा आहे, याचीच ज्याला कल्पना नाही, ते मूल कोणाच्याही श्रद्धेला किंवा द्वेषाला बळी पडते.

म्हणून प्रश्नांची दोन खाती वेगळी ठेवावीत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६, दिग्दर्शक दामले-फत्तेलाल) अखेरीस तुकाराम विमानातून वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे राहते. हे दृश्य कसे घेतले, त्यात कोणाचे चेहरे दिसतात, कोणाकडे पाहत राहावेसे वाटते, जिजाईला मागे ठेवून दिग्दर्शक काय सांगतो, हे पहिल्या खात्यातले प्रश्न. त्यांची उत्तरे भाविक मुलालाही देता येतात आणि नास्तिक घरातल्या मुलालाही, आणि ती दृश्यातून दाखवून द्यावी लागतात. तुकाराम खरोखर सदेह गेले का, हा दुसऱ्या खात्यातला प्रश्न. तो वर्गात विचारू द्यावा, त्यावर बोलू द्यावे. गुण मात्र पहिल्या खात्यावरच द्यावेत.