बिल कुणाच्या नावावर?

आमच्या टीमचा साधा नियम आहे: ज्याच्या कोडमुळे सिस्टिम बंद पडली, त्यानेच ती दुरुस्त करायची. २०२२च्या पुराचा फटका पाकिस्तानात सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना बसला. जगाच्या कार्बन उत्सर्जनात या देशाचा वाटा जेमतेम १ टक्का. जानेवारी २०२३मध्ये जिनिव्हात पुनर्बांधणीसाठी ९ अब्ज डॉलरहून जास्त रकमेची आश्वासनं मिळाली, पण त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. म्हणजे ज्यांची घरं वाहून गेली, त्यांच्याच देशाने हप्ते भरायचे.

तुम्ही म्हणाल, दोषी नेमका कोण? खरंय. आमच्याकडे लॉगमध्ये नाव सापडतं. धुरावर नाव नसतं, आणि त्यात थोडा माझ्या बाइकचाही आहे. पण नाव सापडत नाही म्हणून पूरग्रस्तांच्याच नावावर बिल फाडायचं? मदत अनुदान म्हणूनच द्यावी. कुणाचा वाटा किती, हे देणाऱ्यांनी आपसात ठरवावं.