शेजारी बसणाऱ्याचं देणं

मुंबई विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही 'केटी' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. विषय राहिला की केटी लागली. एम-थ्रीची केटी तर आमच्याकडे कांजिण्यांसारखी, एकदा येऊन गेलेली बरी असं समजलं जायचं. नोकरीत मात्र केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कुणी राजीनामा दिला की नोटिस पिरियडच्या शेवटच्या पंधरा दिवसांत त्याला बसवायचं, स्क्रीन शेअर करायला लावायची, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि तीन-चार वर्षांत त्याच्या डोक्यात जे साठलंय ते काढून घ्यायचं. ती रेकॉर्डिंग्ज पुढे कुणीही बघत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

मला यातली एक गोष्ट विचित्र वाटते. माणूस निघाला की त्याला काय येत होतं याची कंपनीला आठवण होते. तो रोज शेजारी बसून काम करत होता, तेव्हा त्याच्याकडून शिकणं ही ज्याची त्याची खासगी बाब असते. शिकवणं तर त्याहून खासगी. आवडलं तर शिकव, नाहीतर तुझं काम कर. मग प्रश्न असा, की मला जे येतं ते शेजारच्याला शिकवणं हे माझं देणं लागतं का? की तो निव्वळ माझा चांगुलपणा? की सध्याच्या दिवसांत तो शुद्ध वेडेपणा?

वेडेपणा म्हणणाऱ्यांना मी हसत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार लोकांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं, आणि त्यात मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील असंही सांगितलं. त्या आठवड्यात आमच्याकडे, म्हणजे अगदी वेगळ्या कंपनीत, कॅन्टीनमध्ये एकच विषय होता. एखादं मॉड्यूल फक्त आपल्यालाच कळतं, ही गोष्ट अशा वेळी विम्यासारखी वाटते. ती पॉलिसी स्वतःच्या हाताने फाडून ज्युनियरला का द्यावी?

माझं गाव चौल. अलिबागवरून नागाव ओलांडून पुढे आलात की नारळ-पोफळींच्या वाड्या लागतात, तेच. गाव म्हणून आमचा इतिहास वर्तमानापेक्षा बराच मोठा आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथे उतरला होता. चौलचं रेशमी कापड दूरवर जायचं. मग सतराव्या शतकात बंदराचं महत्त्व घसरत गेलं आणि इथले काही विणकर नव्याने वाढणाऱ्या मुंबईत जाऊन वसले. आज चौलमध्ये रेशीम विणणारा माणूस शोधायला जाऊ नका. तट आहेत, तळी आहेत, देवळं आहेत. माग नाहीत. कौशल्य गावाच्या मालकीचं नसतं, ते माणसांबरोबर चालू लागतं. कंपन्यांना हे आता कळतंय, चौलला साडेतीनशे वर्षांपूर्वीच कळलं.

वाडीत कुणी कुणाला 'शिकवतं' असं मी कधी पाहिलं नाही. लहानपणी आम्हाला पहिलं काम मिळायचं ते खाली पडलेली सुपारी वेचायचं. मग ती खळ्यात वाळत घालायची, पावसाची चाहूल लागली की गोळा करायची. मग सोलायची. वाडी शिंपणं त्यानंतर. पाटाचं पाणी कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं हे काका एकदाही समजावून सांगत नसे, फक्त चुकलं की 'अरे' एवढंच म्हणे. रोप कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं, हा निर्णय सगळ्यात शेवटी. आणि झाडावर चढणं ज्याचं त्याचंच.

पुढे जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांचं १९९१ चं छोटंसं पुस्तक हाती आलं, तेव्हा गंमत वाटली. त्यात लायबेरियातल्या शिंप्यांबद्दल आहे. तिथला उमेदवार आधी शेवटची कामं शिकतो, बटणं लावणं, काठ दुमडणं. मग शिवणं. कापड कापणं सगळ्यात शेवटी. काम ज्या क्रमाने होतं त्याच्या बरोबर उलट क्रमाने शिकणं. म्हणजे आमच्या खळ्यातून मागे वाडीत जावं तसंच. सुपारी वेचताना चुकलं तर नुकसान थोडं, आणि तोवर अख्खी वाडी डोळ्यांखालून गेलेली असते.

पण त्याच पुस्तकात दुसरं एक उदाहरण आहे आणि ते मला जास्त छळतं. अमेरिकेतल्या सुपरमार्केटांतले खाटीक. तिथे उमेदवारांना मांस गुंडाळण्याच्या मशीनवर बसवलेलं होतं, आणि मशीन अशा ठिकाणी की मुरलेले कारागीर मांस कापतात कसे हे तिथून दिसायचंच नाही. सगळे एकाच दुकानात, एकाच पगारपत्रकावर. कुणी काही लपवत नव्हतं. फक्त मध्ये भिंत होती.

मी कामाला लागलो तो २०२० मध्ये. जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं होतं, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या, वीज यायला कितीतरी दिवस लागले. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, करोनामुळे, मी घरच्या गच्चीवर रेंज पकडून 'जॉइन' झालो. माझ्या बॅचच्या हजारो मुलांनी ऑफिस न बघताच नोकरी सुरू केली. खाली वाडीत काका आणि दोन गडी उन्मळलेली झाडं कापत होते, आणि कुठलं झाड उभं करून जगेल, कुठलं सोडून द्यावं, हे बघणाऱ्या कुणालाही थोडंफार कळत होतं. वर गच्चीत माझ्या टीममधली सात माणसं कोड लिहीत होती, आणि ती नेमकं काय करतात हे मला दिसत नव्हतं. दिसायचा तो परिणाम. गुंडाळलेलं मांस.

चौलला टेकडीवर दत्ताचं देऊळ आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीची यात्रा भरते. दत्त म्हटलं की चोवीस गुरू आलेच. भागवताच्या अकराव्या स्कंधात, म्हणजे ज्यावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली त्याच भागात, अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, मधमाशी, पिंगला नावाची गणिका. त्यांतला एक बाण करणारा कारागीर आहे. तो कामात इतका बुडालेला, की बाजूने राजाची स्वारी गेली तरी त्याला पत्ता नाही.

गोष्ट सुंदर आहे आणि सीनियर लोकांच्या फार सोयीची आहे. चोवीसांपैकी एकानेही मान वर करून पाहिलं नाही. शिकण्याची सगळी जबाबदारी अवधूतावर. 'आम्हाला कुणी शिकवलं नाही, आम्ही बघून शिकलो' हे वाक्य आयटीत आणि आयटीबाहेर मी असंख्य वेळा ऐकलंय. त्यात एक गोष्ट गृहीत असते, की बघता येत होतं. बाण करणारा रस्त्याकडेला बसला होता. त्याच्यापाशी उभं राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आणि आपल्याकडे उभं राहू देण्याचा इतिहास काय आहे, हे सांगायला नको. कुठलं काम कुणाच्या पोराने बघायचं, हे जात ठरवायची. एकलव्याला उभं राहू दिलं नाही, तरी अंगठा मागितला. त्यामुळे 'पूर्वी कसं सहज शिकलं जायचं' असा गळा काढायला मी तयार नाही. सहज शिकायचा तो आधीच आत असलेला.

आजच्या ऑफिसात ही भिंत जास्त सभ्य असते. खरं ज्ञान मीटिंगमध्ये नाही, टपरीवर मिळतं. 'त्या क्लायंटच्या फाइलला हात लावू नको, त्यामागे एक भानगड आहे' हे चहाच्या दुसऱ्या कटिंगला कळतं. टपरीवर कोण जातं? एकाच कॉलेजचे, एकाच हॉस्टेलचे, सिगरेट ओढणारे. सहाची बस पकडणारी मुलगी जात नाही. इंग्रजीत प्रश्न विचारताना आधी मनात जुळवाजुळव करणारा मुलगा जात नाही. कुणी त्यांना अडवलेलं नसतं. मैत्री असेल त्याला मिळतं, एवढंच. आणि म्हणूनच शिकवणं हा चांगुलपणाचा विषय आहे असं मानणं मला पटत नाही. चांगुलपणा आपण आवडत्या माणसांवर खर्च करतो. आपल्यामुळे कुणाला दिसतं आणि कुणाला नाही, हा न्यायाचा प्रश्न आहे.

माझा शाळेतला एक मित्र आयटीआय करून थळच्या आरसीएफमध्ये अप्रेंटिस होता. १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टनुसार तो कामगार नव्हे, शिकाऊ. त्याच्या करारातच लिहिलेलं, की मालकाने त्याला शिकवायचं आहे. माझ्या ऑफर लेटरमध्ये गोपनीयतेवर दोन पानं होती. शिकवण्यावर एक ओळ नाही.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलेला एक मुद्दा मला पटतो. प्रोग्रॅम म्हणजे लिहिलेला कोड नव्हे, तो करणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. ती टीम पांगली की कोड शिल्लक राहतो, पण प्रोग्रॅम मेलेला असतो. डॉक्युमेंट वाचून तो जिवंत होत नाही. तसं असेल तर जे मला येतं ते मी एकट्याने मिळवलेलंच नाही. कुणीतरी अर्धा तास मोडून माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. ते देणं मी त्यालाच फेडू शकत नाही, त्याला माझ्याकडून शिकण्यासारखं काही नाही. परंपरेतली ऋणंही अशीच आहेत. पितृऋण बापाला परत करायचं नसतं, मुलं वाढवून फेडायचं असतं.

पण इथे एक अवघड जागा आहे. दोन वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टवर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असलेले एक सहकारी होते. त्यांना जायला सांगण्यात आलं, आणि त्यांचं काम माझ्याकडे आलं. केटी त्यांनी मलाच द्यायची होती. मी पहिल्या दिवशी म्हटलं, 'सर, जेवढं जमेल तेवढंच सांगा, मी बाकीचं बघून घेईन.' ते म्हणाले, 'लिहून घे.' नऊ दिवस त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या टेबलातला कुठला कॉलम खोटं बोलतो, महिनाअखेरीला कुठला जॉब हाताने थांबवावा लागतो, आणि तो तसा का आहे. शेवटच्या दिवशी मी विचारलं, 'हे सगळं का सांगितलंत?' त्यांनी खांदे उडवले. 'अर्धवट सांगून तू रात्री दोनला मलाच फोन केला असतास.'

ते देणं लागत होते, असं मला वाटत नाही. ज्याने माणसाला काढलं, त्याला त्या माणसाच्या कर्तव्यबुद्धीवर हक्क सांगता येत नाही. त्यांनी हात आखडता घेतला असता तर मी त्यांना दोष दिला नसता, आणि आज कुणी तसं केलं तरी देणार नाही. देणं असेल तर ते माणसाचं माणसाला. कंपनी फक्त मधल्या जागेची मालक. पण नोकरी शाबूत असताना, समोरचा सहा महिने चाचपडतोय हे दिसत असताना गप्प राहणं, त्याला मात्र भीतीचं कारण पुरत नाही. विमा दुसऱ्याच्या अंधारावर काढलेला असतो.

आता आमच्याकडे दोन नवीन मुली आल्यात. एक चिपळूणची, एक नांदेडची. त्या मला विचारण्याआधी एआयला विचारतात, आणि बरंचसं त्यांना तिथे मिळतं. त्याचं मला वाईट वाटत नाही, चारचौघांत बावळट दिसायची भीती नसलेली ती पहिली जागा आहे. पण तो कॉलम खोटं का बोलतो, हे तिथे नाही. म्हणून दर गुरुवारी एक तास मी स्क्रीन शेअर करून माझं नेहमीचं काम करतो. शिकवत नाही. अडकलो की मोठ्याने अडकतो. त्या बघतात, कधी मध्येच काही विचारतात. परवा नांदेडची म्हणाली, 'दादा, तुम्ही हे आधी खालून का वाचता?' मी लॉग खालून वाचतो हे मलाच माहीत नव्हतं. त्यावरच अर्धा तास गेला.

टाइमशीटमध्ये या तासासाठी कोड नाही. मी 'इतर' लिहितो. मागच्या महिन्यात मॅनेजरने विचारलं, दर आठवड्याला हे 'इतर' काय असतं? मी सांगितलं, आणि त्यासाठी वेगळा कोड मागितला. त्याची मेल वर गेली आहे.