घाट चढेल का?

वाईत विजेवरच्या स्कूटरचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो पसरणी घाटाचा. डबलसीट चढेल का? त्यामागोमाग बाकीचे येतात. लाईट गेली तर काय करायचं, पावसात भिजली तर, बॅटरी बदलायला किती पडतील, आणि चार वर्षांनी विकायला काढली तर घेणार कोण? कंपन्यांच्या जाहिराती मात्र मोकळे शहरी रस्ते, मोबाइलवरचं ॲप आणि स्वच्छ हवा दाखवत आल्या आहेत. स्वच्छ हवा मलाही हवी आहे. पण तालुक्याच्या गावात कर्ज काढून लाखाची गाडी घेणाऱ्याला आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला हवं. ते देणं हीच खरी जाहिरात, असं माझं ठाम मत आहे.

घाटाचंच घ्या. वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटरहून जास्त. गाडी आणि दोन माणसं मिळून २६० किलो धरले, तर नुसत्या उंचीपोटी सुमारे ०.४ युनिट वीज लागते. टायरचं घर्षण, वारा आणि मोटरमधली घट मिळवली की आकडा पाऊण युनिटच्या आसपास जातो. बॅटरी तीन युनिटची असेल, तर पाचगणीत पोचल्यावर तिच्यात साधारण तीन-चतुर्थांश चार्जिंग उरतं. उतरताना चांगल्या गाडीची मोटर थोडी वीज परतही भरते. म्हणजे उत्तर सरळ आहे : चढते. मात्र २५० वॅटच्या, लायसन्स न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांना दोन माणसं घेऊन हा चढ झेपणार नाही. तेही विकणाऱ्यानं आधीच सांगून टाकावं. आज हा हिशेब वाईकराला कोण मांडून दाखवतं?

नव्या यंत्राविषयीचा संशय या मुलखाला जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ जागा दिली आणि आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत नेणारं हे पत्र पुढे मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. पण नांगराची खरी परीक्षा रानातच व्हायची. एकाच्या शेतात तो किती खोल जातो आणि पीक कसं येतं, हे शेजाऱ्याला बांधावरून दिसतं. शेतकऱ्याची भीती भाबडी म्हणून सोडून दिली असती, तर हा कारखाना उभाच राहिला नसता.

सातारकरांना तर स्कूटर घरची. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात ‘प्रिया’ तयार व्हायची. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. गिऱ्हाइकाची मनधरणी करायची वेळच येत नसे. जानेवारी २०२० मध्ये बजाजनं विजेवरची स्कूटर आणली, तिला ‘चेतक’ हे ओळखीचं नाव दिलं, पत्र्याची बॉडी राखली. पण सुरुवातीला ती मिळायची फक्त पुण्यात आणि बेंगळुरूत, तीही केटीएमच्या शोरूममध्ये. पुढे विक्रीचं जाळं पसरलं, जून २०२४ मध्ये लाखाच्या आतलं २९०१ मॉडेल आलं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विजेवरच्या दुचाकींच्या देशातल्या विक्रीत चेतकचा पहिला नंबर लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना आली ती दीडशे किलो ओझं नेते असं सांगत. दूधवाल्याला हे लगेच कळतं.

तरीही वाईत गाडी ठरते ती गॅरेजवर. माणूस शोरूममधलं माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवतो आणि सरळ आपल्या मेस्त्रीकडे जातो. मेस्त्री खाली बसून कुणाच्या तरी गाडीचा कार्ब्युरेटर साफ करत असतो. ‘दादा, चार्जिंगची घेऊ का?’ मान वर न करता तो म्हणतो, ‘थांब की अजून वर्षभर.’ झालं, विक्री तिथंच संपली. त्याला दोष कसा द्यायचा? ऑइल बदलणं, प्लग, क्लचप्लेट, इंजिनकाम यांवर त्याचं घर चालतं, आणि विजेच्या गाडीत यातलं काहीच नाही. बिघाड झालाच तर कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीत, आणि त्यांना त्यानं हात लावला तर वॉरंटी जाण्याची भीती. आपल्या पोटावर येणाऱ्या गाडीची शिफारस तो का करेल? कंपन्यांनी होर्डिंगवरच्या खर्चातला काही भाग अशा मेस्त्रींच्या प्रशिक्षणावर घालावा, ब्रेक, टायर, वायरिंगची कामं अधिकृतपणे त्यांच्याकडे द्यावीत. आयटीआयच्या वर्गात हे दोन-तीन आठवड्यांत शिकवता येईल.

२०२२ मध्ये पुण्यासह काही ठिकाणी स्कूटरींनी पेट घेतला, तेव्हा ते व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर पोचले. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

पैशाची गोष्टही हप्त्याच्या भाषेत सांगायला हवी. वाईहून साताऱ्याला रोज कामावर जाणाऱ्याचे जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतात. शंभराच्या वर गेलेलं पेट्रोल दीडेक लिटर जळतं, म्हणजे दीडशेहून जास्त रुपये. तेवढ्याच अंतराला वीज लागते तीन युनिटच्या आसपास, तीस-पस्तीस रुपयांची. महिन्याला तीन हजार वाचतात. पतसंस्थेचा हप्ता बराचसा त्यातूनच सुटतो.

पाडव्याला गाडी घेणार असाल, तर शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावरच्या फेरीवर समाधान मानू नका. मागे माणूस बसवून पाचगणीपर्यंत चढवू द्या म्हणा, आणि वर पोचल्यावर किती टक्के उरले ते स्वतः बघा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे लेखी घ्या. आपल्या मेस्त्रीलाही सोबत न्या. घाटात गाडी द्यायला जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून ती घेऊ नका.