घरांतील अदृश्य गळती

गळका हंडा घरांत एक दिवसहि कोणी राहूं देत नाहीं. थेंब पडतांना दिसतो, ओल पसरते, आणि गृहिणीचीं बोलणीं घरधन्यास ऐकावीं लागतात. परंतु दाराखालच्या बोटभर फटींतून पैशानें विकत घेतलेला गारवा रात्रभर वाहून गेला तरी त्याची चाहूल कोणास लागत नाहीं. जी हानि डोळ्यांस दिसत नाहीं तिची जबाबदारी मनुष्यावर येते कीं नाहीं, हा प्रश्न वरवर वाटतो त्याहून गंभीर आहे.

ही हानि मोजण्याची युक्ति पाश्चात्य देशांत रूढ आहे. घराचीं सर्व दारेंखिडक्या लावून बाहेरच्या दाराच्या चौकटींत एक मोठा पंखा बसवितात आणि आंतील हवा बाहेर ओढतात. आंतला दाब बाहेरच्यापेक्षां ५० पास्कलनें, म्हणजे सुमारें ५ मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा जितका भार पडतो तितक्यानें, कमी झाला कीं तो तसाच राखण्यास पंख्याला ताशीं किती हवा ओढावी लागते तें पाहतात. तितकीच हवा फटींतून आंत येत असते. जर्मनींत निघालेल्या ‘पॅसिव्ह हाउस’ पद्धतींत ही हवा तासाभरांत घरांतील एकंदर हवेच्या ०.६ पटीहून अधिक असतां कामा नये, असा दंडक आहे.

नांदेड-लातूरकडे हा दंडक जसाच्या तसा आणून चालणार नाहीं. आपलीं जुनीं माळवदाचीं घरें फटी बुजवून थंड राहत नव्हतीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि छपरावरील मातीचा थर दिवसाचें ऊन आंत पोंचूं देत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत तेच दगड आणि तीच माती निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळली व हजारों जीव गेले. त्यानंतर ज्यांनीं पातळ भिंतींचें व काँक्रीटच्या छपराचें घर पत्करलें, त्यांस ‘गारवा कां घालविलात?’ असें विचारण्याचा अधिकार कोणास नाहीं. मात्र आयता मिळणारा गारवा गेल्यावर तो यंत्रानें आणावा लागतो, आणि येथेंच कर्तव्याचा प्रश्न उभा राहतो.

कोणी म्हणेल, ‘विजेचें बिल मी भरतों, मग फट माझी आणि नुकसानहि माझें.’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. एसी उष्णता नाहींशी करीत नाहीं. ती खोलींतून काढून गल्लींत टाकतो. फट जितकी मोठी तितकें यंत्र अधिक चालतें, आणि पलीकडे पत्र्याखालीं निजणाऱ्या कुटुंबाच्या वाट्यास तितका अधिक उष्मा येतो. त्या कुटुंबानें गारवा तर उपभोगलेला नसतो! शिवाय वीज तरी कोठून येते? कोळशाच्या वीजकेंद्रास पाणी लागतें. परळीचें केंद्र २०१५ सालीं पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें. पुढच्याच वर्षीं, एप्रिल २०१६ मध्यें, लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या खेपेच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतें. ज्या शहरानें तो दिवस पाहिला त्यास विजेची गळती ही पाण्याचीहि गळती आहे, हें निराळें सांगावयास नको.

तथापि फट बुजविणें हाच सद्गुण, असें मात्र नव्हे. आपल्याकडील कूलरची ओली हवा निघून जाण्यास समोरची खिडकी उघडी लागते. ती लावली तर खोली दमट होऊन घामच येतो. भारत सरकारच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’नेंहि घराच्या क्षेत्रफळाच्या मानानें उघडणाऱ्या खिडक्यांचें किमान प्रमाण ठरवून दिलें आहे. स्वयंपाकघरांतील धुरास वाट हवी, माणसास श्वास हवा. एकच फट एका यंत्रापुढें दोष ठरते, दुसऱ्यापुढें गुण.

म्हणून सरसकट नियमापेक्षां परीक्षा बरी. आणि तिच्यासाठीं परदेशी यंत्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं. एसी लावण्यापूर्वीं छताचा पंखा बंद करून पेटलेली उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेनें फिरवावी. धूर जेथें वांकेल तेथें रबराची पट्टी किंवा जुन्या लुगड्याची गुंडाळी पुरते. एवढें करण्याचा कंटाळा करणारा मनुष्य बहुधा दरिद्री नसतो, सुस्थितच असतो. त्याच्या बेफिकिरीची पुरी किंमत त्याच्या बिलांत लिहिलेली नसते. उरलेली शेजारी देतो, म्हणूनच त्यास ती परवडते.