कुंभाराचं गाढव आणि बुलेटचं तेल

जुन्या बुलेटखाली सकाळी तेलाचा डाग दिसला नाही, तर घाबरावं. आतलं तेल संपलं असणार. बुलेटवाल्यांचा हा ठेवणीतला विनोद आहे. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेही श्रावणात, त्याला कुणी हसत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि नदीच्या अलीकडे गाडी बंद पडली तर दोन्ही बाजूंना रान. अशा जागी ‘गाडी का गळते?’ हा हौशी माणसाचा प्रश्न राहत नाही. पण त्यातला अवघड शब्द ‘गळते’ नव्हे. अवघड आहे तो ‘का’.

मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली आणि रेडिचची ब्रिटिश बुलेट इथली झाली. मूळच्या ब्रिटिश कंपनीचं उत्पादन १९७०च्या आसपास थंडावलं, मद्रासचं चालूच राहिलं. त्या घडणीच्या इंजिनात तेलाची टाकी वेगळी नसते. क्रँककेसच्याच एका कप्प्यात तेल असतं. जोड पुष्कळ, मधे कागदाची नाहीतर बुचाची पॅकिंग. त्यामुळे तेल बाहेर यायला वाटा भरपूर.

थेंब पडतो ती जागा मात्र बहुधा गळतीची नसते. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे ढकलतो, ते पंख्यांवरून, बोल्टांवरून ओघळत सगळ्यांत खालच्या टोकाशी जमतं आणि तिथून टपकतं. म्हणून जाणता मिस्त्री आधी पाना उचलत नाही. रॉकेलने इंजिन धुतो, कोरडं करतो, वर चक्क टाल्कम पावडर भुरभुरतो आणि गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणायला सांगतो. पांढऱ्यावर पहिली काळी रेघ जिथे उमटेल, तिथून विचार सुरू.

कार्यावरून कारणाकडे असं उलट चालत जाण्याला न्यायशास्त्रात ‘शेषवत्’ अनुमान म्हणतात. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात त्याचं उदाहरण दिलं आहे ते नदीचं: पाणी चढलेलं, वेगाने वाहणारं दिसलं, म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला. पर्लकोटेच्या काठावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पण गंमत पुढे आहे. त्याच न्यायसूत्रांत आक्षेप येतो की पाणी बांधामुळे, वाट अडल्यामुळेही चढेल. मग पावसाचं अनुमान कसं टिकावं? उत्तर असं की अडलेल्या पाण्याचा पूर आणि पावसाचा पूर एकसारखे दिसतच नाहीत. ज्याला ते एकसारखे दिसले, त्याने नीट पाहिलं नाही. चूक पाहणाऱ्याची, अनुमानाची नव्हे.

बुलेटच्या पोटात हाच वाद रोज चालतो. पिस्टन खाली येतो तेव्हा साडेतीनशे सीसी हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते. ती बाहेर पडावी आणि परत आत येऊ नये म्हणून ब्रीदरची नळी आणि एकदिशा झडप असते. ही नळी चोंदली की दाब साठतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं: पुशरॉडच्या झाकणाखालून, टायमिंग कव्हरच्या कडेने, सीलमधून. मालक प्रत्येक जागी नवी पॅकिंग बसवत राहतो. हा पाऊस नव्हे, अडलेलं पाणी आहे. एकाच जागी, एकाच जोडावर रेघ असेल तर पॅकिंग गेली म्हणावं. चार जागी एकदम पाझर असेल तर आधी नळी पाहावी.

नळी चोंदते कशाने? काळ्या गाळाने, चिखलाने. पडवीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत कधी कुंभारीण माशीने नळीच्या तोंडाशी बांधलेल्या मातीच्या घराने.

इथे नैयायिकांच्या कुंभाराची आठवण होणारच. घट कशामुळे झाला? माती, चाक, दंड, कुंभार यांमुळे. ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढवही घटाच्या आधी हजर होतं. ते कारण का नाही? विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात अशी पाच ‘अन्यथासिद्धं’ मोजली आहेत, म्हणजे आधी असूनही कारण न ठरणाऱ्या गोष्टी. त्यांत कुंभाराचा बाप आहे आणि हे गाढवही. माती गाडीतून आली असती तरी घट झालाच असता. गॅरेजात अशी गाढवं दिवसभर येत असतात. ‘त्या पंपावर पेट्रोल भरलं तेव्हापासून गळते’, ‘मेव्हण्याने चालवली तेव्हापासून’. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. मेव्हणा बहुधा निर्दोष असतो.

बॅटरीचं दुखणं उलट्या जातीचं. गळतीत एक कारण चार जागी दिसतं. इथे दहा कारणं एकाच रूपात येतात: दिवा मिणमिणतो, हॉर्न कुंथतो. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांपुढच्या मे महिन्यात बॅटरीचं पाणी आटतं आणि प्लेटा उघड्या पडतात. कुणी त्यात डिस्टिल्ड वॉटरऐवजी विहिरीचं पाणी ओततं. गाडी फक्त बाजाराच्या दिवशी निघत असेल तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर कडक होतो. डायनामोचे ब्रश झिजतात, चेसिसला जोडलेली अर्थिंगची तार गंजते. निदान न करता नवी बॅटरी बसवली, तर गंजलेल्या तारेपायी तीही बदनाम होते.

एका कार्याला अनेक कारणं कशी, हा प्रश्नही पंडितांनी चघळला आहे. त्याचं नाव तृणारणिमणिन्याय. अग्नी गवतातून होतो, अरणीच्या मंथनातून होतो, सूर्यकांत मण्यातूनही होतो. मग अग्नीचं कारण कोणतं? नैयायिक म्हणतात, हे तीन अग्नी तीन जातींचे आहेत. नीट पाहा, फरक सापडेल. हे उत्तर कुणाला पळवाट वाटेल, पण हातात मीटर असलेल्याला ते पटतं. सहा व्होल्टच्या जुन्या जावा मोटारसायकलची बॅटरी तीन सेलांची. एक सेल मेला की मीटर चारच्या आसपास अडकतो. सल्फेट धरलेली बॅटरी मोकळी असताना बरा आकडा दाखवते आणि दिवा लावताच कोसळते. अर्थिंग गंजलं असेल तर बॅटरीच्या टोकांवर पुरे सहा व्होल्ट मिळतात, दिवा मात्र मलूलच. ‘बॅटरी उतरली’ हे एक नाव, त्याखालच्या घटना वेगवेगळ्या.

तरी एक पेच उरतो. ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ कॉलिंगवुड याने १९४० साली एक अपघात रंगवला. वळणावर मोटार उलटते. चालकापुरतं कारण म्हणजे त्याचा वेग, रस्ते खात्याच्या माणसापुरतं रस्त्याचा उतार, कारखानदारापुरतं गाडीची घडण. ज्याला जे बदलता येतं, ते त्याचं कारण. म्हणजे कारण ही वस्तुस्थिती नसून आपल्या हाताला लागणारी मूठ?

याचं सर्वांत गंभीर उत्तर गडचिरोलीतच मिळालं आहे, आणि ते यंत्राबद्दल नाही. तिथल्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग एका अर्भकाच्या मृत्यूची हकीकत सांगत आले आहेत. आई आणि आजी बाळाला घेऊन त्यांच्या घरी पोचल्या आणि थोड्याच वेळात बाळ गेलं. कारणं मोजली तेव्हा ती अठरा निघाली. त्यांत आजार होता, तसं कुपोषण होतं, गरिबी होती, दारू होती, पुराने अडवलेली वाट होती. अठराच्या अठरा हटवायला किती वर्षं लागली असती? त्यांनी साखळीची हाताला येणारी कडी निवडली. गावातल्याच बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून घरातच उपचार करायला शिकवलं. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेले होते.

कॉलिंगवुडची मूठ इथे खरी ठरली. पण अठरांची यादी फाडून टाकली नाही, हेही तितकंच खरं. हाताला न लागणारी कारणं गाढवाच्या रांगेत ढकलणं ही सोयीस्कर लबाडी असते, कारण पूल नसलेली नदी हे अन्यथासिद्ध नव्हे. ती नसती तर गोष्ट वेगळी झाली असती.

गॅरेजातला मिस्त्री हे पंडिती शब्द वापरत नाही. तो तारेने ब्रीदरमधली माती उकरून काढतो, हातावर घेऊन बघतो, त्यात माशीची वाळकी अळी असते. गाडी सुरू करून नळीशी बोट धरतो, फुसफुस लागते. पॅकिंगला त्याने हातही लावलेला नसतो. पैसे सांगण्याआधी तो एवढंच विचारतो, ‘‘गाडी उभी कुठे करता जी तुम्ही?’’

‘‘पडवीत. कुडाच्या भिंतीला लागून.’’

‘‘मग नळीच्या तोंडाशी जाळी बांधून देतो,’’ तो म्हणतो आणि जाळीचा तुकडा शोधायला आत जातो.