धम्मयात्रा: पावलांनी केलेली मैत्री

मनातील द्वेष शमल्याखेरीज समाजात शांती नांदत नाही, हा बौद्ध विचार मान्य केला, तरी ख्मेर रूज राजवटीत (१९७५-७९) पंधरा ते वीस लाख माणसे गमावलेल्या कंबोडियाने आधी मने निवळण्याची वाट पाहावी काय, हा प्रश्न उरतोच. भिक्खू महाघोसानंद यांनी १९९२ मध्ये सुरू केलेली धम्मयात्रा, म्हणजे धम्माच्या आधाराने गावोगावी जाणारी पदयात्रा, हे या प्रश्नाचे उत्तर होते. ख्मेर रूज राजवटीनंतरही चालू राहिलेले यादवी युद्ध थांबवण्यासाठी झालेल्या पॅरिस करारानंतर थायलंडच्या हद्दीवरील छावण्यांतून निर्वासित परतू लागले, तेव्हा त्यांच्यापैकी काहींना सोबत घेऊन भिक्खू, शीलव्रती स्त्रिया व गृहस्थ सीमा ओलांडून नॉम पेन्हपर्यंत चालत गेले. वाटेत गावकरी पाणी व उदबत्त्या घेऊन उभे राहत, भिक्खू ते पाणी शिंपडून आशीर्वाद देत, आणि युद्धात ताटातूट झालेले काही आप्त याच रस्त्यावर पुन्हा भेटले.

बौद्ध साधनेत चंक्रमण, म्हणजे प्रत्येक पावलाचे भान ठेवून चालणे, हे ध्यानाचेच अंग आहे, आणि मेत्ता, म्हणजे प्राणिमात्रांविषयीची निरपेक्ष मैत्री, ही मनात वाढवायची भावना आहे. धम्मयात्रेने ही दोन्ही साधने विहारातून सुरुंग पेरलेल्या मुलखात आणली. विरोधी पक्षाच्या गावातून निःशस्त्र चालणारा माणूस आपला देह त्या गावाच्या भरवशावर सोडतो आणि भरवसा राखायचा की मोडायचा, हे समोरच्यावर सोपवतो. म्हणूनच मन निवळल्यावर चालायचे असा क्रम येथे राहत नाही, चालतानाच ते निवळू लागते. महाघोसानंदांना शांतिकार्याची दीक्षा देणारे जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटले होते, त्यामुळे या वाटेचा एक धागा महाराष्ट्रातूनही जातो.

असा भरवसा नेहमीच राखला जातो असे नाही. १९९४ ची यात्रा गोळीबारात सापडून एक भिक्खू व एक शीलव्रती स्त्री मृत्युमुखी पडली, आणि म्हणून पदयात्रेला शांतीचा हमखास उपाय म्हणणे त्या मृतांवर अन्याय करणारे आहे. तरीही यात्रा पुढच्या वर्षांत निघत राहिली. कंबोडियातील युद्ध अखेर राजकीय तडजोडी व ख्मेर रूज बंडखोरांच्या शरणागतीने १९९० च्या दशकाच्या शेवटी थांबले, त्याचे श्रेय धम्मयात्रेला देता येणार नाही. मात्र ते थांबण्याची वाट न पाहता सामान्य माणसे एकमेकांच्या गावात पोहोचली, याचे श्रेय निःसंशय तिचेच आहे.