आजचं चिंतन: गीता १२.१५ – आपली कुणाला भीती वाटते का?

आजचा श्लोक बाराव्या अध्यायातला पंधरावा. भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगत आहेत. भावार्थ असा की, ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो देवाला प्रिय.

आपण यातला दुसरा भाग पटकन उचलतो. मॅनेजर ओरडला, ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, तरी मन शांत ठेवायचं. पहिला भाग मात्र सुटतो. माझाही सुटला होता. तो मला पुण्याच्या रस्त्यावर शिकावा लागला.

गेल्या वर्षीची एक एकादशी. विठ्ठलाच्या देवळात जाऊन मग ऑफिस गाठायचं होतं. आमच्या रस्त्याला डिव्हायडर आहे, त्यामुळे देवळाकडे यायला पुढच्या सिग्नलवरून यू-टर्न घ्यावा लागतो. फार तर चार मिनिटं जास्त. मी बाइक राँग साइडने घातली. दोनशे मीटर तर जायचं! डोक्यावर हेल्मेट होतं, कानात हरिपाठ चालू होता.

पुढे एक आजी रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. त्यांनी उजवीकडे नीट पाहिलं, गाड्या थांबल्याची खात्री केली आणि पाऊल टाकलं. मी आलो डावीकडून. करकचून ब्रेक दाबला. गाडी त्यांना लागली नाही, पण त्या दचकून मागे सरल्या आणि फुटपाथच्या कडेवर पडल्या. मनगट मोडलं. पिशवीतली तुळस रस्त्यावर सांडली. त्याही देवळातच निघाल्या होत्या.

खरं सांगतो, पहिला विचार निघून जाण्याचा आला. तेवढ्यात एका भाजीवाल्या मावशींनी आजींना धरलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग मी रिक्षा थांबवली, आजींना दवाखान्यात नेलं, त्यांच्या मुलाला फोन केला. ‘चूक माझी आहे’ हे मला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

एका मित्राने समजूत काढली, ‘अरे, विठ्ठलानेच वाचवलं. थोडक्यात निभावलं. त्यांचं प्रारब्ध.’ ऐकून बरं वाटलं, आणि म्हणूनच खटकलं. राँग साइडने मी गेलो होतो. माझं कर्म त्यांच्या प्रारब्धाच्या खात्यावर टाकण्याचा अधिकार मला कुणी दिला?

दीड महिन्याने आजींना भेटायला गेलो. प्लास्टर निघालं होतं. चहा देत म्हणाल्या, ‘हात बरा आहे रे बाळा. पण आता रस्ता ओलांडायला पाय उचलत नाही. रविवारी सून नेते देवळात.’

त्यांचं रोजचं दर्शन आठवड्यावर आलं होतं. हाड जुळलं, भीती राहिली. त्या दिवशी मला ‘उद्वेग’ शब्दाचा अर्थ कळला.

या श्लोकावर माउली समुद्राचा दृष्टांत देतात. समुद्र कितीही उसळला तरी त्यातल्या जलचरांना त्याचं भय वाटत नाही आणि जलचरांचा समुद्राला वीट येत नाही. आपला रस्ता आठवून बघा. तिथे मोठ्याने लहानाला घाबरवायचं हाच नियम झालाय. ट्रक कारला, कार बाइकला आणि आम्ही बाइकवाले चालणाऱ्यांना.

सरकारी आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला सुमारे ४६०. सगळ्यात जास्त दुचाकीवरची, त्याखालोखाल पायी चालणारी. रस्त्यांची रचना, अडवलेले फुटपाथ, नवले पुलाकडे येणारा उतार हे प्रश्न आहेतच, त्यांचा पाठपुरावाही करायला हवा. पण माझ्या गाडीचं हँडल माझ्या हातात आहे. ताशी ४० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. हा हिशोब मी कॉलेजात शिकलो होतो. गाडीवर बसल्यावर तो आठवणं ही साधना आहे.

आपण अहिंसा म्हणजे मारू नये एवढंच धरतो. पण माझ्या हॉर्नने कुणी दचकलं, माझ्या अपर लाइटने समोरच्याला दिसेनासं झालं, मला बघून एखादी आई मुलाचा हात घट्ट धरते, तर तिथेही उद्वेग झालाच.

आजचा संकल्प असा करूया. राँग साइड नाही, दहा पावलंही नाही. गाडी चालवताना कानात काही नाही, अगदी नामस्मरणसुद्धा नाही. झेब्रा क्रॉसिंगवर थांबायचं आणि चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आणि कुठे अपघात दिसला तर थांबून १०८ ला फोन करायचा. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली आहे, तेव्हा घाबरू नका.

मी आता सिग्नलवरून वळून देवळात जातो. चार मिनिटं जास्त लागतात. त्या चार मिनिटांत मला आजी आठवतात. माझं दर्शन तिथूनच सुरू होतं.

राम कृष्ण हरी.